सायकल योजनांतला पंक्तिप्रपंच

तंजावूरच्या राजवाड्याभोवतीचे शहर सायकलच्या मापाचे आहे. पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशा चार राजवीथी, त्यांना जोडणाऱ्या अरुंद गल्ल्या, एका कोपऱ्याला बृहदीश्वराचे मंदिर व शिवगंगा तलाव आणि या साऱ्याला वेढणारा जुन्या खंदकाचा पट्टा. सरस्वती महाल ग्रंथालयातून निघून मोठ्या देवळापर्यंत जायचे तर दोन किलोमीटरांच्या आतच वाट संपते. नायक राजांनी उभारलेल्या आणि भोसल्यांनी वाढविलेल्या या वाड्याच्या परिसरात मनोजियप्पा वीथीसारखी नावे आजही टिकून आहेत. हे रस्ते आखले गेले तेव्हा मोटार नव्हती आणि सायकलही नव्हती. परंतु पादचारी, पालखी आणि बैलगाडी यांच्या बेताने आखलेला रस्ता सायकलला जितका मानवतो तितका मोटारीला मानवत नाही. म्हणूनच शहरी सायकल योजना खरोखर सर्व रहिवाशांसाठी असतात काय, हा प्रश्न तपासायला तंजावूर ही योग्य जागा ठरते.

हा प्रश्न आताच विचारण्याचे कारणही आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ने-आण हे रस्त्याचे प्रयोजन मानले आणि सायकल पुन्हा सरकारी कागदपत्रांत दाखल झाली. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून काही शहरांत सायकल मार्ग आखले गेले. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानात भाडोत्री सायकली, सायकल मार्ग आणि पदपथ हे प्रस्तावांचे नित्याचे प्रकरण बनले. २०२० मध्ये केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने शहरांमध्ये सायकलविषयक स्पर्धाही लावली. त्या अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. पैसा खर्च झाला, फलक लागले, उद्घाटने पार पडली. आता हिशेबाची वेळ आहे.

या हिशेबात एक गोष्ट आरंभीच नोंदवायला हवी. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि मोटार केवळ ४.७ टक्के कुटुंबांकडे. याचा अर्थ सायकल शहरांत नव्याने आणावयाची नव्हती; ती होतीच. दूधवाल्याकडे, फुलवालीच्या घरी, गवंड्याकडे आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्याकडे ती होती. तिला संरक्षण, जागा आणि मान हवा होता. बहुतेक शहरांच्या योजनांनी मात्र सायकल सोडून गेलेल्या मध्यमवर्गाला परत बोलावण्याचे ध्येय ठेवले आणि जे कधी सोडून गेलेच नव्हते, त्यांना गृहीत धरले. मराठीत याला पंक्तिप्रपंच म्हणतात. पंगत एकच, पण वाढताना पान पाहून वाढायचे.

खंदकाच्या आत आणि बाहेर

सप्टेंबर २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या दुसऱ्या फेरीत तंजावूरची निवड झाली. मदुराई, सेलम आणि वेल्लोर ही तामिळनाडूतील अन्य शहरे तिच्यासोबत होती. महाराष्ट्रातून नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि औरंगाबाद त्याच यादीत होते. अभियानाची रचना अशी की शहराचा एक भाग निवडावयाचा आणि निधीचा मोठा वाटा तेथे ओतावयाचा. ऐतिहासिक शहरात हा भाग बहुधा जुन्या गाभ्याचा असतो. त्यामागील तर्क समजण्याजोगा आहे. वारसा जपावा, पर्यटक यावा, रस्ता सुधारावा. परंतु सायकलच्या बाबतीत हा तर्क लंगडा पडतो.

याचे कारण शहराच्या वाढीत आहे. राजवाड्याच्या परिसरात राहणाऱ्या माणसाची दैनंदिन कामे आता खंदकाच्या आत संपत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय बाहेर आहे, नवे बसस्थानक बाहेर आहे, १९८१ मध्ये स्थापन झालेले तमिळ विद्यापीठ तर आणखी दूर आहे. जुन्या गाभ्यात घर आणि बाहेर काम, किंवा बाहेरच्या वस्तीत घर आणि गाभ्यातील बाजारात काम, असा प्रवास रहिवाशाला करावा लागतो. चार राजवीथींपुरता सायकल मार्ग आखला तर तो राजवाडा पाहायला आलेल्या पाहुण्याच्या सोयीचा होईल. रुग्णालयात सफाईचे काम करणाऱ्या स्त्रीला ज्या ठिकाणी रुंद, वेगवान रस्ता ओलांडावा लागतो, नेमक्या त्या ठिकाणी तो संपलेला असेल. सायकल मार्ग कोठे सुरू होतो यापेक्षा तो कोठे संपतो, यावरून तो कोणासाठी आहे हे कळते.

दुसरा मुद्दा प्रातिनिधिकतेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. तामिळनाडूतील नागरी स्थानिक संस्थांची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली. त्या वेळी ठरलेल्या निवडणुका न्यायालयीन वादात अडकल्या आणि पुढील निवडणूक फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. म्हणजे तंजावूरची निवड जाहीर झाली आणि त्यानंतर महिन्याभरातच शहराचे लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात राहिले नाही. प्रकल्प ठरले, निविदा निघाल्या, रस्ते खोदले गेले, तो सारा काळ प्रशासकीय राजवटीचा होता. त्यातच अभियानाची अंमलबजावणी महापालिकेऐवजी कंपनी कायद्याखाली स्थापन झालेल्या विशेष उद्देश कंपनीकडे. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरराज्याला जे घटनात्मक स्थान दिले, ते कागदावर राहिले.

नगरसेवक नसल्याने काय बिघडते, असा प्रश्न शहरी मध्यमवर्गात हमखास विचारला जातो. बिघडते ते असे. खंदकाच्या व तटाच्या कडेने ‘अलंगम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या आहेत. त्यांतील घरे अतिक्रमण म्हणून हटविण्याचा प्रश्न याच काळात ऐरणीवर आला. अशी वस्ती गाभ्यापासून दूर नेली की तेथील माणसाचे काम सायकलच्या टप्प्याबाहेर जाते. जो आजवर दहा मिनिटांत कामावर पोहोचत होता, तो बसभाड्याचा किंवा मोपेडच्या कर्जाचा धनी होतो. पुनर्वसनाचा निर्णय एका टेबलावर आणि सायकल मार्गाचा निर्णय दुसऱ्या टेबलावर झाला, तर रस्ता सायकलसाठी तयार होत असतानाच सायकलस्वार शहराबाहेर गेलेला असतो. ही विसंगती सभागृहात उभे राहून सांगणारा माणूस म्हणजे नगरसेवक. तो नसला की ती कोणीच सांगत नाही.

पुण्याचा धडा

महाराष्ट्रातील वाचकाला हे दूरचे वाटू नये. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्याने याच काळात मोठी उडी घेतली होती. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास विद्यापीठाचे आवार आणि औंध येथून भाडोत्री सायकलींचा आरंभ झाला. झूमकारची ‘पेडल’, चीनच्या ‘ओफो’ व ‘मोबाइक’ आणि बंगळुरूची ‘युलू’ अशा कंपन्या पुढे आल्या. मोबाइलवर अॅप घ्या, क्यूआर कोड दाखवा, कुलूप उघडेल, असा तो मामला होता. महापालिकेला सायकली विकत घ्याव्या लागल्या नाहीत, म्हणून प्रशासन खूश. नावीन्य होते, म्हणून तरुण खूश.

आनंद टिकला नाही. ‘ओफो’ने २०१८ मध्ये भारतातील गाशा गुंडाळला, २०१९ मध्ये ‘मोबाइक’ने आशियातील अनेक देशांतून पाय काढला. कंपन्यांचा हिशेब गुंतवणूकदारांच्या भांडवलावर चालला होता. ते आटले तशा सायकली रस्त्यावरून नाहीशा झाल्या. अपयशाची चर्चा झाली ती मुख्यत्वे मोडतोड, चोरी आणि पुणेकरांच्या शिस्तीची. ज्यांना ही सायकल घेताच येत नव्हती, त्यांची चर्चा फारशी झाली नाही.

या सायकलच्या दारावर तीन कुलुपे होती. पहिले स्मार्टफोन आणि इंटरनेटचे. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण ३३.३ टक्के होते. दुसरे कुलूप डिजिटल पैशाचे. रोजंदारीवर हातात नोटा येणाऱ्याला ते उघडत नाही. तिसरे कुलूप खुद्द सायकलच्या घडणीचे. एकच आसन, पुढे लहानशी टोपली, मागे कॅरियर नाही. डबा आणि हँडबॅग नेणाऱ्यासाठी ती पुरेशी आहे. मूल शाळेत सोडून पुढे कामावर जाणाऱ्या आईला, भाजीचे पोते नेणाऱ्याला किंवा हत्यारांची पिशवी बांधणाऱ्या सुताराला ती निरुपयोगी आहे. ‘युलू’ने पुढे विजेवरील दुचाकींकडे मोर्चा वळविला आणि घरपोच माल पोहोचविणारी मुले तिचे मोठे गिऱ्हाईक बनली, ही बाब बोलकी आहे. फेरफटक्यासाठी ठेवलेले वाहन उपजीविकेचे साधन झाले तेव्हाच त्याला रोजचा वापरकर्ता मिळाला.

याहून वेगळे करता येत नाही असे नाही. राजवाड्याचेच शहर असलेल्या म्हैसूरने जून २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ ही योजना सुरू केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साह्याने उभ्या राहिलेल्या या योजनेत ४५० सायकली होत्या, त्या ठरावीक थांब्यांवर मिळत आणि केंद्रावर नोंदणी करून मिळणाऱ्या कार्डावर वापरता येत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २०१५ मध्ये ‘इंडेगो’ योजना आणली तेव्हा बँक कार्ड नसलेल्यांना रोख पैसे भरण्याची सोय ठेवली आणि पुढे सरकारी अन्नसाह्य घेणाऱ्यांसाठी सवलतीचा मासिक पास दिला. जगातील सर्वांत श्रीमंत देशातील एका महापालिकेला रोखीची खिडकी ठेवणे कमीपणाचे वाटले नाही. आपल्याकडे मात्र रोख रक्कम स्वीकारणे म्हणजे मागासलेपण, ही समजूत धोरणकर्त्यांत खोलवर रुजली आहे.

अकरावीतली सायकल

तंजावूरच्या राजवीथींवर शाळेच्या वेळी दिसणाऱ्या बऱ्याच सायकली मात्र स्मार्ट सिटीच्या नाहीत आणि कोणत्याही अॅपच्याही नाहीत. त्या राज्य सरकारने दिलेल्या आहेत. जयललिता यांच्या सरकारने २००१-०२ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थिनींसाठी विनामूल्य सायकलींची योजना सुरू केली आणि २००५-०६ पासून सरकारी व अनुदानित शाळांतील अकरावी-बारावीच्या सर्व विद्यार्थ्यांना ती लागू केली. त्यानंतर राज्यात द्रमुक आणि अण्णा द्रमुक यांची सत्ता आलटून पालटून आली. एकमेकांच्या स्मारकांपासून सचिवालयाच्या इमारतीपर्यंत सर्व गोष्टींवरून भांडणाऱ्या या दोन पक्षांनी सायकलला मात्र हात लावला नाही. याचे कारण सरळ आहे. सायकल ज्या घरात जाते त्या घरात मतदार असतात, आणि ती सायकल त्या मुलीबरोबर तिचा भाऊ, वडील व आईही वापरतात.

याची पूर्वपीठिका तंजावूरच्या शेजारीच आहे. १९७४ मध्ये तिरुचिरापल्ली व तंजावूर या जिल्ह्यांचे भाग वेगळे काढून पुदुक्कोट्टै जिल्हा झाला. तेथे १९९१-९२ मध्ये ‘अरिवोळी इयक्कम’ या साक्षरता चळवळीत जिल्हाधिकारी शीलाराणी चुंकत यांनी स्त्रियांना सायकल शिकविण्याचा कार्यक्रम जोडला. लाखाहून अधिक स्त्रिया सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका त्यांत होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी या चळवळीवर लिहिताना नोंदविलेला एक तपशील आजच्या नियोजनकारांनी मुद्दाम वाचावा असा आहे. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा स्त्रियांनी पुरुषी सायकली घेतल्या आणि अनेकींनी त्याच पसंत केल्या; कारण मधल्या दांडीवर मूल बसविता येते. सायकल कशी असावी हे वापरणाऱ्या बाईला विचारले की असे उत्तर मिळते. निविदेत ते सापडत नाही.

सायकल मुलीच्या हाती दिली की काय होते, याचा पुरावा बिहारमध्ये आहे. तेथे २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये देण्याची योजना नितीशकुमार सरकारने आणली. कार्तिक मुरलीधरन व निशित प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार तिच्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगी यांतील तफावत ४० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना, शाळा पाच किलोमीटरांच्या आत असल्यास, सायकलसाठी साह्य मिळते. ही योजना मोलाची आहे. परंतु तिच्यामुळे एक फट उघडी पडते. खेड्यातील मुलीला मानव विकासची सायकल मिळते, औंधच्या तरुणाला अॅपवरची मिळते. पुण्याच्या जनता वसाहतीतील किंवा नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलीला दोन्ही मिळत नाहीत. तामिळनाडूने गाव आणि शहर हा भेद केला नाही, म्हणून तेथे ही फट नाही.

तरीही तामिळनाडूची योजना परिपूर्ण मानता येणार नाही. दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुलाला ती गाठत नाही. आणि सायकल हातात पडली की सरकारची जबाबदारी संपते. ती चालविण्यासाठी सुरक्षित रस्ता देणे हे महापालिकेचे काम राहते. एका खात्याने सायकल द्यायची आणि दुसऱ्याने तिला रस्त्यावर जागा ठेवायची नाही, असा हा विचित्र संसार आहे. बारावी झाल्यावर त्या मुलीची सायकल बहुधा धाकट्या भावाकडे जाते किंवा अडगळीत पडते. महाविद्यालय दूर, रस्ता धोक्याचा, म्हणून ती बसमध्ये चढते. शाळेने घडविलेला सायकलस्वार शहर दोन वर्षांनी गमावते.

राजधानीची सायकल

दिल्लीत सायकलकडे पाहण्याची दृष्टी आणखी निराळी आहे. २०१६ मध्ये मंत्रिपदाच्या शपथेसाठी अर्जुनराम मेघवाल सायकलवरून राष्ट्रपती भवनात गेले तेव्हा छायाचित्रकारांची झुंबड उडाली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी रविवारी सायकल चालविण्याची मोहीम सुरू केली. लोकप्रतिनिधी आणि खेळाडू तिच्यात उतरले. आरोग्यासाठी हे स्वागतार्हच आहे. मात्र रविवारची सायकल आणि सोमवारची सायकल यांत वर्गभेद आहे. रविवारी रस्ता मोकळा करून दिला जातो. सोमवारी त्याच रस्त्यावर कामगाराने कडेने, गाड्यांचे कर्णे ऐकत चालवावी, अशी अपेक्षा असते.

राजधानीची खरी दृष्टी करांच्या तक्त्यात दिसते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा सायकल १२ टक्क्यांच्या श्रेणीत गेली. विजेवरील वाहनांवरील कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. सायकलवरील कर ५ टक्के व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. म्हणजे सहा वर्षे या देशात विजेवर चालणाऱ्या आलिशान मोटारीवर ५ टक्के आणि दूधवाल्याच्या सायकलवर १२ टक्के कर होता, आणि दोन्ही गोष्टी स्वच्छ हवेच्या धोरणात बसत होत्या. मोटार उद्योगाची संघटना अर्थमंत्रालयाच्या दारी जाऊ शकते. सायकलवरून कामावर जाणाऱ्याची संघटना नसते. जुन्या काळी अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि बिल्ला देत. बिल्ला गेला, कर गेला. त्या बदल्यात रस्त्यावर जागा तेव्हाही मिळाली नव्हती आणि नंतरही मिळाली नाही.

ज्या ठिकाणी सत्तेने सायकलला जवळ केले, त्या ठिकाणी पक्षीय राजकारण आडवे आले. उत्तर प्रदेशात सायकल हे समाजवादी पक्षाचे निवडणूक चिन्ह. अखिलेश यादव यांच्या सरकारने लखनौ, नोएडा येथे सायकल मार्ग बांधले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये इटावा ते आग्रा हा २०७ किलोमीटरांचा सायकल महामार्ग खुला केला. २०१७ मध्ये सत्ता बदलताच हे मार्ग हटविण्याची भाषा सुरू झाली. रस्त्याची पट्टी पक्षाची मालमत्ता ठरली की ती टिकत नाही. पश्चिम बंगालमध्ये तर डाव्या आघाडीच्या काळात सुरू झालेली सायकलबंदी २०१३ मध्ये कोलकात्याच्या १७४ रस्त्यांपर्यंत वाढविली गेली. त्याच राज्यातील सरकार शाळकरी मुलांना ‘सबुज साथी’ योजनेतून सायकली वाटते. सायकल द्यायची खेड्यात आणि बंदी घालायची महानगरात, ही विसंगती एका राज्याची नाही. ती साऱ्या देशाच्या नागरी दृष्टीची आहे.

अपंगांचा विचार तर या साऱ्या चर्चेत अभावानेच येतो. १९८१ पासून चालू असलेल्या केंद्राच्या योजनेतून अपंग व्यक्तींना हाताने चालविण्याच्या तीनचाकी सायकली दिल्या जातात. सायकल मार्गावर मोटारसायकली शिरू नयेत म्हणून महापालिका तोंडाशी खांब रोवतात. दोन खांबांमधून दुचाकी सायकल जाते, तीनचाकी जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम करण्याचे बंधन घातले आहे. केंद्राने दिलेली तीनचाकी महापालिकेच्या खांबाशी अडते, तेव्हा सर्वसमावेशक हा शब्द नेमका किती रुंदीचा आहे ते कळते.

छत्राचा दाखला

सर्वांना सामावून घेणारी प्रवासी व्यवस्था म्हणजे काय, याचा एक दाखला तंजावूरच्या मराठी इतिहासातच आहे. भोसले राजांनी काशी-रामेश्वराच्या वाटेवर अन्नछत्रे उभारली. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजींच्या हाती तंजावूरचा किल्ला व भोवतालचा परिसर उरला. तेव्हाही छत्रे चालू राहावीत यासाठी ते आग्रही राहिले. १८०१ मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला छत्रांच्या कारभाराचे वर्णन लिहून कळविले. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपर्यंत प्रत्येक वाटसरूला अन्न मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, असा त्याचा आशय आहे. १८०२ मध्ये ओरत्तनाडू येथे उभारलेल्या मुक्तांबाळ छत्राला शाळाही जोडलेली होती.

त्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. जातिभेद त्या काळाच्या हाडीमाशी होता. पण तिच्यातील एक तपशील आजच्या प्रशासनाला शहाणा करणारा आहे. शिजवलेला भात ज्यांना चालत नसे, त्यांना शिधा दिला जाई. प्रवासी कसा आहे हे पाहून छत्राने आपली पद्धत बदलली. छत्राच्या पद्धतीत बसत नाही म्हणून प्रवाशाला परत पाठविले नाही. सायकल योजनेचे याच्या नेमके उलट असते. अॅप ठरते, निविदा ठरते, सायकलची घडण ठरते, आणि मग त्यात बसणारा नागरिक शोधला जातो.

छत्राचा हा न्याय लावला तर करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. भाड्याची सायकल असेल तर अॅपच्या जोडीला कार्ड आणि रोखीची खिडकी हवी. काही सायकलींना कॅरियर व मुलाचे आसन हवे. ज्याला रोज लागते त्याला भाड्याऐवजी स्वतःची सायकल घेण्यास साह्य हवे. पुदुक्कोट्टैतील चळवळीत त्यासाठी बँकांची कर्जे मिळवून दिली गेली होती. मार्गाच्या तोंडाशी तीनचाकी शिरेल एवढी जागा हवी. मार्ग पर्यटनस्थळाशी न संपता रुग्णालय, बसस्थानक, बाजार व शाळा येथपर्यंत जायला हवा. आणि वस्ती हलविण्याचा निर्णय घेताना तेथील माणसे कामावर कशी जातात याची मोजणी आधी व्हायला हवी.

रस्ता अरुंद आहे, जागा नाही, हे उत्तर तयारच असते. एप्रिल २०१५ मध्ये बृहदीश्वराचा नवा रथ सुमारे शतकाच्या खंडानंतर याच राजवीथींवरून ओढला गेला. तेव्हा या रस्त्यांवर रथाला वाट मिळाली. देवाला दिलेली वाट वर्षातून एका दिवसाची असते हे खरे. पण अडथळा रस्त्याच्या रुंदीत नसून प्राधान्यक्रमात आहे, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

फेब्रुवारी २०२२ पासून तंजावूरला लोकनियुक्त महापालिका आहे. पुण्यासह महाराष्ट्रातील अनेक महापालिकांनी मार्च २०२२ नंतर प्रदीर्घ प्रशासकराज पाहिले. स्मार्ट सिटीचा निधी आता संपला आहे. यापुढे सायकलसाठी खर्च करावयाचा तर तो महापालिकेच्या अंदाजपत्रकातून, सभागृहात उत्तर देऊनच करावा लागेल. ही अडचण म्हणून न पाहता संधी म्हणून पाहिली पाहिजे. पहिले काम तर जवळपास विनाखर्चाचे आहे. शाळेच्या वेळी पूर्व राजवीथीवरून किती विद्यार्थिनी सायकलने येतात, आणि त्याच मुलींपैकी किती जणी बारावीनंतरही सायकलवर राहतात, ही मोजणी कोणत्याही महापालिकेला एका आठवड्यात करता येईल. या दोन आकड्यांतील अंतर कोणत्याही उद्घाटनाच्या फलकापेक्षा अधिक सांगेल. ते सभागृहाच्या पटलावर ठेवण्याची मागणी कोणता नगरसेवक करतो, एवढेच आता पाहावयाचे.